भरणाऱ्यानं चाखायचं नाय

नाना मला पहिल्यांदा दिसले ते गोठ्यात, चिनी मातीच्या बरणीला कान लावून बसलेले. मे महिन्याची अखेर होती. शाळेच्या बदलीचा आदेश हातात घेऊन मी खोली शोधत फिरत होते. कापड्याच्या पुढे, आंबेनळी घाट चढायला लागतो त्याच्या अलीकडच्या त्या गावात कुणीतरी सांगितलं होतं, "नानांची पडवीकडची खोली रिकामी हाय, बघा." मी हाक मारली तर नानांनी मान न वळवता एक बोट वर केलं. म्हणजे गप्प. मी गप्प राहिले. शेजारची म्हैससुद्धा गप्प उभी होती. मिनिटभरानं ते उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "बोलतेय अजून. आठ दिस तरी बोलंल. या बाई, खोली बघा."

घरमालक वेडा आहे, असं मी मनात ठरवून टाकलं आणि तरीही खोली घेतली. तेरा वर्षांच्या नोकरीतली ती माझी चौथी बदली होती. घरमालकाचं डोकं तपासत बसण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता.

बरणीत करवंदं होती. करवंदं, साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, थोडे काळे मनुके आणि महाडच्या बेकरीतून मागून आणलेलं चिमूटभर यीस्ट. चार-पाच दिवस बरणीच्या तोंडाला फडकं बांधून रोज लाकडी पळीनं ढवळायचं, मग गाळून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचं आणि कॅनच्या तोंडावर टाचणीनं भोक पाडलेला फुगा चढवायचा. आत रस फसफसला की फुगा ताठ उभा राहतो, निवला की मान टाकतो. पोलादपूरच्या दुकानात नाना फुगे घ्यायला गेले की दुकानदार विचारायचा, "नाना, कुणाचा बर्थडे?" नाना शांतपणे सांगायचे, "करवंदीचा."

ही विद्या त्यांनी मुंबईत मिळवली होती. वांद्र्याला एका ख्रिश्चन म्हातारीच्या घरी ते वीस-बावीस वर्षं स्वयंपाकाला होते. ती त्यांची 'आन्टी'. दर नाताळाला ती घरच्या घरी वाईन करायची आणि बरण्या उचलण्यापासून गाळण्यापर्यंतचं सगळं काम नानांकडे असायचं. आन्टी गेल्यावर नाना गावी परतले ते दोन गोष्टी घेऊन, तिची लाकडी पळी आणि ही कृती. गावात मिळतं ते फुकटचं फळ त्यांनी वापरलं. मेमध्ये करवंदं, जूनच्या तोंडाला झाडाखाली पडून चिखल होणारी जांभळं, त्याआधी काजूची बोंडं. विकत घ्यायची ती साखर, तीही रेशनच्या हिशेबात नानांची बायको, म्हणजे काकी, मोजून द्यायच्या आणि देताना कपाळावर आठ्या घालायच्या.

कारण घर माळकरी. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ, काकींच्याही. काकींनी बरण्यांना उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. पळीसुद्धा गोठ्यातल्या खुंटीलाच. "अवो, त्या पळीनं माझ्या आमटीला हात लावलात तर मी माहेरी जाईन," असं त्या सत्तरीला टेकलेल्या बाई गंभीरपणे बजावायच्या. माहेरी त्यांचं कुणी उरलं नव्हतं, हा भाग वेगळा.

आणि नानांनी आयुष्यात त्यातला थेंब चाखला नव्हता. मी एकदा विचारलं, "नाना, मग कळतं कसं तुम्हाला, नीट झाली की बिघडली?" ते म्हणाले, "कानानं कळतं, नाकानं कळतं. फुगा सांगतो. तोंडाचं काय काम?" मग माळेला हात लावून म्हणाले, "आणि ऐका बाई. भरणाऱ्यानं चाखायचं नाय. चाखायला लागला की तो भरणारा ऱ्हात नाय, पिणारा हुतो."

मग हा सगळा उपद्व्याप कुणासाठी? बाळूसाठी.

बाळू हा नानांचा धाकटा भाऊ, त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा नानांनीच त्याला खांद्यावर वाढवला. तोही मुंबईला हॉटेलात होता. तिथं दारू लागली, नोकरी गेली, आणि बायकोनं एके दिवशी त्याला एसटीत बसवून गावी धाडून दिला. गावात उतरल्यावर तो आधी घरी आला नाही, फाट्यावर गेला. ओढ्याच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून एक टपरी होती. बाहेर वेफर्सच्या माळा आणि आत कॅनमधली गावठी. त्या गावठीत काय काय घालतात याबद्दल गावात बऱ्याच कहाण्या होत्या आणि पुढे खालच्या वाडीतला एक तरणा माणूस ती पिऊन दोन दिवसांत गेला, ही कहाणी नव्हती.

नानांनी भावाला मारून पाहिलं, कोंडून पाहिलं, देवऋषाकडे नेलं. शेवटी त्यांना आन्टीची बरणी आठवली. त्यांनी बाळूशी सरळ व्यवहार केला. फाट्यावरची बंद. त्याच्या बदल्यात रोज संध्याकाळी एक पेला ही, घरची, साधी. पण पेल्याआधी काम. भात कापून झालं की ओढ्याकाठच्या तुकड्यात नाना भाजी करायचे, मुळा, माठ, वांगी, मिरच्या, बांधाला वाल. सकाळी बाळूनं खणायचं, संध्याकाळी शिंपायचं. शिंपून झालं की नाना वाफ्यांच्या कडेनं एक फेरी मारायचे, मातीत बोट खुपसून ओल बघायचे आणि मगच गोठ्याकडे वळायचे. "आधी वाफा, मग पेला," हे वाक्य मी तीन वर्षं रोज संध्याकाळी खिडकीतून ऐकलं. कधी बाळू कुरकुरायचा, "नान्या, अर्धा तरी अजून दे." नाना म्हणायचे, "अर्धा वाफा अजून शिंप, मग बघू." आणि शिंपला तरी द्यायचे नाहीत.

मी एकदा चव घेतली. शाळेच्या पटनोंदणीसाठी दिवसभर वाड्या-वाड्या चढून मी पायरीवर बसले होते, तेव्हा काकींची नजर चुकवून बाळूनं वाटीत घोटभर आणून दिली. करवंदीची होती. आधी गोड, मग आंबट, आणि सगळ्यात शेवटी करवंदाचा तो चीक असतो ना, त्याची जिभेला जराशी ओढ. "कशी झालीय, बाई?" नानांनी गोठ्यातूनच विचारलं. मी म्हटलं, "छान आहे." नाना एवढे खूश झाले की मला वाईट वाटलं. माणूस इतका जीव लावून काही करतो आणि कसं झालंय ते त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं.

कायद्यात हे बसतं की नाही, मला ठाऊक नाही. नाना विकत नसत. गावातल्या कुणी पैसे पुढे केले तर हात जोडायचे. "इकली की तिची दारू हुते," म्हणायचे. बाळू मात्र माणसात आला होता. हात थरथरायचे थांबले होते. काकी भाजीची टोपली घेऊन पोलादपूरच्या बाजारात बसायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायच्या, "दिराच्या हातचा मुळा हाय गो, बघ कसा भरलाय." ज्या दिराचं नाव काढलं की पूर्वी त्या पदर तोंडाला लावायच्या, त्याच दिराचा.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजूनही थकवा येतो.

खालच्या वाडीतला तो तरणा माणूस गेला तेव्हा त्याची बायको माझ्या शाळेत खिचडी शिजवायला होती. तिला पाहून बायका पेटल्या. दारूबंदी झालीच पाहिजे. आणि अशा वेळी गावात कागद लिहायला बाई लागते. मी लिहिला. शाळेतल्याच फुलस्केपवर, सुवाच्य अक्षरात. ग्रामसभेत ठराव झाला, पण आमच्याकडे ठरावानं कुणी बांधला जात नाही. शपथ लागते. गावदेवीसमोर नारळ ठेवायचा, घरटी एका पुरुषानं त्यावर हात ठेवायचा आणि बोलायचं. गुरवानं एकच दुरुस्ती सुचवली. म्हणाला, "बाई, 'गावच्या शिवेच्या आत' असं घाला. देवीची हद्द शिवेपातूर. पलीकडचं तिच्या गळ्यात कसं घालायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते चुकीचं वाटलं नाही. मीही 'शिवेच्या आत दारू करणार नाही, ठेवणार नाही, पिणार नाही' असं लिहून दिलं. शीव म्हणजे ओढा. फाटा ओढ्याच्या पलीकडे. हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं ते बोलले नाहीत.

आदल्या संध्याकाळी नाना माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत येत नसत, पायरीवरूनच बोलायचे. म्हणाले, "बाई, माझ्या बरण्यांचं काय?"

मी वह्या तपासत होते. दमलेली होते. मान वर करून मी म्हटलं, "नाना, नियम सगळ्यांना एकच. आज तुमच्या बरणीला सूट दिली तर उद्या प्रत्येक जण सूट मागेल."

"ही दारू नाय, बाई. तो औषध म्हणून पितो."

"सगळे असंच म्हणतात, नाना."

नानांनी मान हलवली. मग "बरं," म्हणाले आणि गेले. त्या क्षणी मला मी फार न्यायी वाटले होते, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी नानांनी नारळावर हात ठेवला. घरी आले आणि सहा कॅन आणि दोन बरण्या, जांभळाची, बोंडांची, सगळी, एकेक करून खतखड्ड्यात ओतली. मला वाटलं होतं, दोन-चार ठेवतील, हळूहळू संपवतील. बाळू बांधावर बसून बघत होता. काकी, ज्यांनी बरण्यांना कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्या म्हणाल्या, "अवो, एक तरी ठेवा, त्याच्यासाठी." नाना म्हणाले, "तोंडानं बोललोय गो मी."

गावात बाकी कुणी काही ओतलं नाही. ओतायला कुणाच्या घरात काही नव्हतंच, ज्याला प्यायची तो पहिल्यापासून ओढा ओलांडून जात होता. शपथेनंतर तो देवीचा बोल सांभाळून पलीकडेच पिऊन यायला लागला, एवढाच फरक. टपरीवाल्यानं एक बाकडं वाढवलं.

बाळू पंधरा दिवस टिकला. सोळाव्या दिवशी मुळ्याचे वाफे तसेच कोरडे राहिले. डिसेंबरात एका सकाळी तो रस्त्याच्या मोरीत पडलेला सापडला. मांडीचं हाड मोडलेलं, अंग पिवळं पडलेलं. महाडच्या दवाखान्यात तीन आठवडे होता. मी भेटायला गेले तेव्हा नाना बाहेरच्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसले. मीच म्हटलं, "नाना, चुकलं माझं."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं काय बाई. शपथ सगळ्यांनी घेतली. पाळली मी." एवढंच. त्यानंतर त्यांनी मला पिशवीतलं संत्रं सोलून दिलं. तो माणूस मला आयुष्यात एवढंच बोलला, आणि आईनं मारलेल्या माराच्या कितीतरी पट ते मला लागलं.

बाळू घरी आला तो काठीवर. डॉक्टरांनी दारूचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं. महिनाभरानं तो काठी टेकत टेकत ओढ्याकडे निघाला, तेव्हा नाना त्याच्या आडवे आले नाहीत. ते गावदेवीकडे गेले. मी त्यांच्यासोबत होते, मुद्दाम रजा काढून. नानांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुज्या शिवेच्या आत करणार नाय, हा माझा बोल हाय. पलीकडं करीन. ही पळवाट हाय, मला म्हायती हाय. तुला फसवत नाय, तुला सांगून करतोय. राग माझ्यावर धर, पोरावर नको." पन्नाशीच्या भावाला ते पोर म्हणत होते.

ओढ्यापलीकडे एकाची पडीक जमीन होती, ती नानांनी कसायला मागून घेतली. तिथं खोपी घातली. बरण्या ओढ्यावरच्या साकवावरून पलीकडे न्यायला मी हात लावला. एक बरणी माझ्या डोक्यावर होती. खाली उतरवून ठेवताना नाना म्हणाले, "हळू बाई. तिला धक्का लागला तर रुसते."

डॉक्टर सांगत होते ते नानांना कळत नव्हतं असं नाही. पेला अर्धा झाला, मग पाव झाला, मग त्यात पाणी पडायला लागलं. ते बाळूला फाट्यापासून तोडत होते, वीतवीतभर. पण आता गावात प्यायची नाही, म्हणून दोघं भाऊ रोज संध्याकाळी साकवावरून पलीकडे जायचे. एक काठीवर, दुसरा कमरेत वाकलेला. तिथले वाफे शिंपायचे, मग पेला, मग अर्धा तास नाना त्याला बांधावर बसवून ठेवायचे. "तोंडाचा वास घेऊन देवीच्या हद्दीत जायचं नाय," म्हणायचे. लोक हसायचे, "चालले नैवेद्याला." नाना हसणाऱ्यांना मुळा द्यायचे.

दीड वर्ष हे चाललं. दीड वर्षात दोन पावसाळे येतात. पावसात शिंपण्याचं काम नसायचं, तर नाना बांध नीट करायचं काम काढायचे, पण कामाशिवाय पेला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात माझी महाडला बदली झाली. निघताना नाना साकवावर भेटले, डोक्यावर इरलं, हातात काठी. म्हणाले, "बाई, करवंदीची दसऱ्याला या चाखायला. बाळ्याच्या जिभेवर माझा भरवसा नाय, त्याला सगळीच चांगली लागते."

दसऱ्यापर्यंत ते राहिले नाहीत. भाद्रपदात भिजून ताप भरला, छातीत उतरला आणि आठ दिवसांत संपलं. मला निरोप मिळाला तेव्हा शाळेत तपासणी होती. तेराव्याला गेले. काकी नुसत्या बसून होत्या. नंतर त्यांचा मुलगा त्यांना नालासोपाऱ्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. बाळूचं पुढे काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला उत्तर ठाऊक आहे असं वाटत होतं.

परवा, म्हणजे गेल्या डिसेंबरात, पोलादपूरला एका प्रशिक्षणासाठी गेले होते. दुपारीच सुटलं. पाय आपोआप कापड्याच्या गाडीकडे वळले. फाट्यावर उतरले. टपरी होती, बाकडीही होती. मी बाकड्यांवरचे चेहरे एकेक करून पाहिले. बाळू त्यात नव्हता. मग मला वाटलं, हा गेला असणार.

तो खोपीजवळ होता. वांगी शिंपत होता, एका पायानं लंगडत. केस पांढरे झाले होते, अंगावर मांस नव्हतं. खोपीत बरण्या होत्या, त्याच दोन, आणि चार कॅन. एकावरचा फुगा ताठ होता, बाकीच्यांनी माना टाकल्या होत्या. ते पाहून माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

"म्हणजे अजून चालू आहे, बाळूभाऊ?" मी विचारलं. आवाजात शाळेतला बाईपणा आला असावा.

"भरणं चालू हाय," तो म्हणाला. "पिणं नाय."

मला कळलं नाही. त्यानं पाण्याचा डबा खाली ठेवला. "नाना गेला. मग भरायचं कुणी? मी भरली. आणि भरणाऱ्यानं चाखायचं नाय. तुम्हाला म्हायती हाय ना त्याचं." तो जरासा हसला. "दोन वर्षं झाली."

"मग पितं कोण?"

"कोण नाय. निवळली की खड्ड्यात ओततो, मिळंल त्या फळाची परत भरतो."

"आणि मग भरता कशाला, बाळूभाऊ?"

तो वाफ्यातलं गवत उपटायला वाकला. मग रस्त्याकडे बोट करून म्हणाला, "भरायचं सोडलं की हात मोकळं ऱ्हातात, बाई. मोकळं हात तिकडं जातात. रोज वाटतं जावं. रोज. कंटाळा आलाय आता ह्या वाटण्याचा, पण सुटत नाय." त्यानं गळ्याला हात लावला. "माळ नाय घातली. माळ घालायला तोंड नाय आपलं. एवढं एक पाळतो."

मी निघताना त्यानं मुळ्याची जुडी बांधून दिली. मग आत जाऊन एका कॅनमधनं नळीनं पेल्यात थोडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. तो वास नाकात जाऊ नये म्हणून त्यानं तोंड वाफ्यांकडे फिरवलं होतं.

"करवंदीची हाय. ही एक ठेवली होती. नाना बोलला होता ना तुम्हाला, दसऱ्याला या म्हणून. चाखा. पण बाई, चांगली झाली असंल तर मला सांगू नका."

मी घोट घेतला. आधी गोड, मग आंबट, आणि सगळ्यात शेवटी चिकाची ती ओढ. तीच. नानांच्या हातचीत आणि हिच्यात फरक सांगा म्हटलं असतं तर सांगता आला नसता. माझे डोळे भरून आले. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, नियम सगळ्यांना एकच म्हणून शिकवलं.

"बिघडलीय," मी म्हटलं. "आंबून शिरका झालाय नुसता."

बाळूनं मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातातला पेला घेतला, उरलेली खड्ड्यात ओतली आणि पेला ओढ्याच्या पाण्यात नीट विसळला.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि राहिलेला वाफा शिंपायला गेला.